मरोळच्या स्टोअरात भिकाजीमामा बोलतात

दहिसर, बुधवार, ता. ४ नोव्हेंबर १९८७

तीर्थस्वरूप काशीराममामांच्या पायांवर दहिसरहून सहदेवाचं डोकं. (डोकंच पाठवतो, कारण त्याचा मला इथे फारसा उपयोग होत नाही असं तुम्हीच म्हणायचात.) वनमालामामींच्या गुडघ्याला आता उतार असेल अशी आशा आहे. भात कापून झालं असेल, नसलं तर ऊन चांगलं आहे तोवर उरकून घ्या. तुमचा खोकला कसा आहे? हे मी रीत म्हणून विचारत नाही. या खेपेला तुमच्या घशाची मला खरोखरच काळजी आहे. प्रेमा खडीसाखर पाठवणार होती, पण पाकिटात मावली नाही.

मरोळचं नाव पुन्हा माझ्यापुढे काढू नकोस, असं तुम्ही मला चार वर्षांपूर्वी बजावलंत, ते माझ्या पक्कं ध्यानात आहे. गिरणीचा संप लांबला तेव्हा भिकाजीमामा तुम्हाला म्हणाले, आमच्या पंपाच्या कारखान्यात ये, स्टोअरात माझ्या हाताखाली लावून घेतो. त्यावर तुम्ही म्हणालात, बावीस वर्षं माग चालवलेला माणूस भावाच्या हाताखाली वायसर मोजणार नाही. दुसऱ्या दिवशी ट्रंक उचललीत आणि गावी गेलात. यंदा शिमग्याच्या आधी भिकाजीमामा गेले, त्यांच्या बाराव्यालाही तुम्ही आला नाहीत. मी त्यावर काही बोलत नाही. भाच्याने बोलू नये. (प्रेमा मात्र बोलते, पण ती तुमची भाची नाही, सून आहे, तिला कोण अडवणार?) तरी आज मला मरोळबद्दलच लिहिणं भाग आहे, कारण तिथे असं काही घडलं की ते तुम्हाला न कळवता राहिलो तर मला जेवण गोड लागणार नाही. तुम्ही पत्र फाडणार असाल तर निदान शेवटपर्यंत वाचून फाडा.

भिकाजीमामांच्या मागे स्टोअर तुळशीदासकडे आलं. हा मढचा कोळी, वय चौतीस, अकरा वर्षं मामांचा मदतनीस. बायको जया मासळी विकते आणि तिचा आवाज मढहून वर्सोव्याला पोहोचतो, त्यामुळे घरात तुळशीदासच्या वाट्याला आवाज उरलेलाच नाही. तर अशा या गरीब माणसाबद्दल कारखान्यात सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती, की त्याला वाचता येत नाही. चौथीपर्यंत शाळेत गेला होता, पण चिठ्ठी हातात दिली की घाम फुटायचा. ४७२ ची चिठ्ठी घेऊन तो कधी ७४२ च्या खणापुढे उभा राहायचा, कधी नुसताच उभा राहायचा. मामा होते तोवर ते चिठ्ठ्या मोठ्याने वाचायचे आणि हा पळत जाऊन माल आणायचा. मी त्याला अंगठाबहाद्दर म्हणायचो. हजेरीच्या पुस्तकावर सही करताना तो दोन मिनिटं घ्यायचा, तेव्हा मी घड्याळाकडे बघून खाकरायचो. माझ्यासारख्या टाइमकीपरला एवढी तरी करमणूक नको का, असं मला तेव्हा वाटायचं. आता वाटत नाही.

गणपतीनंतर चंद्रप्रकाशसाहेब नवे मॅनेजर म्हणून आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फर्मान काढलं की स्टोअरातल्या प्रत्येकाची लेखी परीक्षा होणार. चाळीस चिठ्ठ्या, दोन तास. चिठ्ठी वाचायची, माल काढायचा, खणावरच्या कार्डात नोंद करायची. जो नापास होईल त्याला महिन्याच्या नोटिशीने घरी पाठवायचं. उमेदवारांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. मी पहिलं नाव तुळशीदासचं घातलं आणि शेरा लिहिला, "वाचता येत नाही." मामा, हे मी खोटं लिहिलं नाही. पण ते लिहिताना मला जी मजा वाटली, ती आठवली की आज माझी मान वर होत नाही.

आणि याच सुमाराला स्टोअर बाधलं.

तसं बाधल्याची लक्षणं आधीपासून होती. सात महिने तुळशीदास एकटा स्टोअर चालवत होता आणि एकही वस्तू चुकीची गेली नव्हती. मामांच्या वेळीसुद्धा वर्षाला तीनचार चुका व्हायच्या. ज्याला चिठ्ठी वाचता येत नाही तो माल बरोबर कसा देतो? फिटर गुणाजी म्हणाला, देणारा हात तुळशीदासचा, पण धरणारा हात दुसऱ्याचा आहे. (गुणाजी आपल्याच मुलखातला, चिंदरचा. त्याला भूत दिसायला अंधारही लागत नाही.) मग लोकांच्या ध्यानात आलं की जेवणाच्या सुट्टीत तुळशीदास स्टोअरचं जाळीचं दार आतून लावून घेतो, आणि बरोबर बाराच्या ठोक्याला आत कुणीतरी बोलतं. दुपारचे बारा म्हणजे कसली वेळ, हे तुम्हाला मी सांगायला नको. कँटीनवाल्या कुंदाने त्या बाजूला चहा न्यायचं बंद केलं. मी सगळ्यांना हसलो. आणि एका सोमवारी, हजेरीवर तुळशीदासची एक सही राहिली होती म्हणून, बाराला पाच कमी असताना तिकडे गेलो.

स्टोअर तुम्ही पाहिलेलं नाही. लांबच लांब पत्र्याची शेड, सात रॅक, छपरापर्यंत खण, आणि मधल्या बोळात भर दुपारीही उजेड पोहोचत नाही. तेलाचा आणि ग्रीसचा वास. मी जाळीला हात लावला आणि आतून, अगदी शेवटच्या रॅकमागून, आवाज आला. "बोट ठेव." मग थोडा वेळ काही नाही. मग, "घाय नाय. सावकाश बघ. मी हयसरच आसंय." मामा, तो भिकाजीमामांचा आवाज होता. त्यांच्यासारखा म्हणत नाही मी, त्यांचाच. वाक्याच्या शेवटी ते घसा कसा साफ करायचे, तसा साफसुद्धा केला. आणि त्यावर दुसरा एक दबका आवाज म्हणाला, "व्हय मामा." माझ्या पाठीतून जे काही गेलं त्याला मराठीत शब्द असेल तर मला कळवा. मी परत टाइम ऑफिसात आलो तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. कुणी विचारलं तर सांगितलं, तुटली. ती आणायला मी दोन दिवस गेलो नाही.

मग माझं हसणं बंद झालं आणि गुणाजीचं म्हणणं एकमताने मान्य झालं. मामांचा जीव स्टोअरात अडकलाय, तेव्हा आपल्या रीतीने गाऱ्हाणं घालून त्यांना मोकळं करायचं. मागच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सात जण स्टोअरच्या जाळीपुढे जमलो. नारळ, विडा, अगरबत्ती, आणि मामांना आवडायची म्हणून कुंदाकडची कांदाभजी. (कोंबडं आणायचं ठरत होतं, पण फाटकावरच्या वॉचमनने विचारलं की त्याचा गेटपास कोण करणार.) गुणाजीने हात जोडले आणि सुरुवात केली, की बा देवा म्हाराजा, जो कोण ह्या श्टोरात वावारता हा, तेका वाट दाखव रे म्हाराजा! आम्ही म्हणालो, व्हय म्हाराजा! तेच्या मनात काय रवला असात तर ता आज हय सांगान टाकूंदे रे म्हाराजा! व्हय म्हाराजा! आणि गुणाजी श्वास घ्यायला थांबला तेवढ्यात आतल्या अंधारातून मामा खणखणीत म्हणाले, "बोट ठेव!"

मामा, सात माणसांनी सात ठिकाणी बोट ठेवलं. मी जाळीवर ठेवलं, एकाने नारळावर, एकाने कपाळावर, आणि गुणाजीने सरळ अगरबत्तीवर. मग तो ओरडला आणि जी पळापळ झाली तिच्यात जाळीचं दार आत कोसळलं, दोघे दारासकट आत गेले, आतला एक रॅक हलला, आणि वरून खोकी गडगडत खाली आली. धूळ खाली बसेपर्यंत मी एका पिंपामागे होतो. एवढ्यात पर्सोनेलच्या पद्मजाबाई आल्या. मुलुंडच्या, वय फार तर सव्वीस, चार महिन्यांपूर्वीच लागलेल्या. बाई सरळ आत शिरल्या. भुताला त्या भ्यायल्या नाहीत की त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. शेवटच्या रॅकमागे तुळशीदास जमिनीवर बसला होता, डोक्यावर दोन्ही हात धरून. त्याच्यापुढे एक टेपरेकॉर्डर पालथा पडला होता, आणि तपकिरी फीत शेवयांसारखी फरशीवर पसरली होती.

आता नीट सांगतो. भिकाजीमामांना आपलं दुखणं आमच्या आधी उमगलं होतं. गेल्या वर्षी दिवाळीपासून ते रोज काम सुटल्यावर अर्धा तास स्टोअरात थांबायचे. आम्हाला वाटायचं, पगाराबाहेर काम करायची खोड. ते टेप भरत होते. एका रॅकची एक कॅसेट, अशा सात. प्रत्येक खणापुढे उभं राहून ते सांगायचे की इथे काय आहे, कुठल्या पंपाला लागतं, हाताला कसं लागतं, आणि मग आकडा, एकेक अंक सुटा, मध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडून. तुळशीदासने चिठ्ठीवर पहिल्या अंकाखाली बोट ठेवायचं, मामांनी अंक म्हणायचा, जुळला तर बोट पुढे. रोज दुपारी बाराला तो दुसऱ्या पाळीच्या चिठ्ठ्या घेऊन असा बसायचा. त्या दिवशी आमचा गलका ऐकून तो घाबरला, यंत्र बंद करायला गेला, आणि घाईत त्याने आवाज मोठा केला. हे कुणाला सांगायचं नाही, अशी त्याने मामांकडून शपथ घेतली होती. लाज वाटायची म्हणाला. "मना आकडं जाग्यावर रेत नाय," एवढंच तो बाईंना म्हणाला आणि रडायला लागला. अकरा वर्षांत मी त्या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. मी खाकरायचो तेव्हाही तो हसायचा.

पद्मजाबाई म्हणाल्या की याला डिस्लेक्सिया म्हणतात. कॉलेजात असताना त्यांनी एका परदेशी मासिकात वाचलं होतं. यात माणूस बुद्धीने कमी नसतो, आळशीही नसतो, फक्त अक्षरं आणि आकडे त्याच्या डोळ्यांपुढे ओळीत उभे राहत नाहीत, आणि घाई केली, हसलं, ओरडलं की आणखी बिघडतात. वेळ दिला, वाचून दाखवलं, खुणा करून दिल्या की हाच माणूस चोख काम करतो. मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, तुमच्या स्टोअरकीपरना हा शब्द माहीत नव्हता, पण इलाज माहीत होता. मी मान हलवली. मला वाटलं होतं, मामा फक्त वायसर मोजतात.

त्या संध्याकाळी मी तुळशीदासबरोबर स्टोअरात बसून उरलेल्या कॅसेट ऐकल्या, कोणत्या शाबूत राहिल्या त्याची यादी करायला. दार मोडलेलंच होतं. दुसऱ्या रॅकच्या सुरुवातीलाच मामा आकडे सांगता सांगता थांबले आणि म्हणाले, "सहदेवा, दार लाव रे, वारो येता हा." मी उठलो आणि दाराकडे गेलो. दार नव्हतं, पण वारा होता. मागे वळून पाहिलं तर तुळशीदास माझ्याकडे बघत होता आणि टेप आपल्या वाटेने पुढे चालली होती, तिसरा खण, चौथा खण. मग मला आठवलं. गेल्या डिसेंबरात मी खरंच तिथून जात होतो, मामांनी हाक मारली होती, मी दार ओढलं होतं आणि घरी निघून गेलो होतो. आत काय करता म्हणून विचारलंसुद्धा नाही. आता तो मीही त्या फितीत आहे, फक्त दाराचा आवाज म्हणून. तुम्ही हसाल, पण त्या क्षणी मला कळेना की इथे बसलेला मी खरा की दार ओढून गेलेला.

पद्मजाबाई दोन दिवस साहेबांशी भांडल्या. साहेब आधी म्हणाले, टेप ऐकून काम करायचं तर मी रेडिओ सिलोनच कामाला ठेवतो. बाईंनी त्यांच्यापुढे सात महिन्यांचे स्टोअरचे कागद ठेवले, एकही चूक नसलेले, आणि शेजारी बी.कॉम. झालेल्या भीमराजचे, ज्याने डिस्पॅचमध्ये एकट्या ऑगस्टात अकरा खोकी चुकीच्या गावी पाठवली होती. साहेबांनी दोन्ही गठ्ठे पान पान उलटून पाहिले. मग म्हणाले, ठीक, टेप चालेल, दोनाचे तीन तास घ्या, पण चाळीसपैकी छत्तीस बरोबर आल्या पाहिजेत. परीक्षा सोमवारी, १६ तारखेला. पोरगी जिंकली म्हणून आम्ही भजी मागवली.

भजी खाताना तुळशीदासने आठवण करून दिली की तिसऱ्या आणि पाचव्या रॅकच्या फिती त्या दिवशी खोक्यांखाली पार फाटल्यात. बेअरिंग आणि सील. चिठ्ठ्यांपैकी निम्म्या तिथल्याच असतात. म्हणजे गाऱ्हाणं घालून आम्ही मामांना मोकळं केलं ते असं. गुणाजी भाजलेलं बोट तोंडात घालून बसला. मग आम्ही नव्या कॅसेट भरायला लागलो. आधी मी वाचलं. तुळशीदास म्हणाला, तुमी हजेरी घेतल्यागत बोलता, माझं बोट पुढं सरत नाय. मग पद्मजाबाईंनी वाचलं, अगदी स्वच्छ, पण प्रत्येक वाक्याला हा उठून उभा राहायचा, बाईमाणसापुढे बसायचं कसं म्हणून. गुणाजीने वाचलं त्याचं गाऱ्हाणं झालं, आणि आम्ही तिघे नकळत व्हय म्हाराजा म्हणालो, तेही टेपमध्ये आलं. अकरा वर्षं ज्या आवाजावर तुळशीदासचं बोट चाललं, त्याच आवाजावर ते चालतं. त्याला दोन लेकी आहेत, होडी बापानेच विकलेली, आणि स्टोअरशिवाय दुसरं काम त्याला कुणी देणार नाही. परवा त्याने मला विचारलं, मामा अजून बोलतान ना, मग दोन रॅकापुरतं फिरून बोलतील काय?

असो. बाकी इकडे सर्व क्षेम. पाणी सकाळी वीस मिनिटं येतं. मामींना नमस्कार, त्यांनी गुडघ्याला निरगुडीचा शेक घ्यावा असं प्रेमा म्हणते. लहानथोरांना आमची आठवण सांगावी.

आपला आज्ञाधारक (यावर तुमचा विश्वास नाही, ठाऊक आहे),
सहदेव

ता. क. — तुमच्या खोकल्याची चौकशी मी कशासाठी केली ते लिहायचं राहिलं. १४ तारखेच्या शनिवारपर्यंत तुम्ही मुंबईला या. कणकवलीहून रात्रीची एस.टी. धरा, परळला मी घ्यायला येतो. शनिवार-रविवार स्टोअरात बसून दोन रॅकचं नुसतं बोलायचं आहे. वाचून मी दाखवीन, तुम्ही माझ्या मागून म्हणायचं. तुमचा आवाज आणि भिकाजीमामांचा आवाज एकच आहे. ते गेले त्या आठवड्यात तुमचा ट्रंककॉल आला होता, "सहदेवा, कसा झाला रे?" एवढंच तुम्ही विचारलंत आणि प्रेमाच्या हातून रिसीव्हर पडला. वायसर मोजावे लागणार नाहीत. तिथे कुणी कुणाच्या हाताखाली नाही.

दुसरा ता. क. — तुम्हाला इथे आणायचं ही माझी अक्कल आहे असं समजू नका. आज दुपारी तुळशीदासने मला सातवी कॅसेट शेवटपर्यंत ऐकवली. शेवटचा खण झाला, नुसती खरखर चालू राहिली, मी उठणार होतो, त्याने माझा हात धरून बसवलं. मग मामा बोलले. "माझ्या मागसून ह्यो आवाज लागलो तर काशीक हाड. आये सुद्दा आमच्या आवाजाक फसायची. तो रागान बसलोसा. मी तेका हाताखाली ये म्हटलंय, थयच माझा चुकला. बाजूक येवन बस म्हणाक व्हया होता." पुढे फीत संपते. मामा, यादी करताना ही कॅसेट मी स्वतः तीन वेळा शेवटपर्यंत ऐकली होती आणि खरखरीत एक शब्द नव्हता. तुळशीदास म्हणतो, पहिल्यापासून आहे. मला खरंखोटं ठरवता येत नाही आणि पुन्हा लावून बघायची हिंमत नाही. तुम्हाला कळवायचं होतं ते एवढंच. आधीची पानं नाही वाचली तरी चालतील.